क्षयरोग्याच्या घरची शिध्याची पिशवी: विद्यापीठातल्या आरोग्य-संशोधनाचे यश मोजायचे कशाने?

अनुस्वार

माझी भाची एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल परवा हाती पडला आणि मी तो सवयीने मागच्या पानांपासून वाचायला घेतला. ‘प्राध्यापकांची कामगिरी’ या सदरात पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाची तीन पाने होती. त्यांत किती निबंध छापून आले, किती परिषदांना कोण गेले आणि कोणाला कोणते पारितोषिक मिळाले हे सगळे होते. मात्र या निबंधांमुळे एखाद्या माणसाच्या घरात काय बदलले, याविषयी एक ओळही नव्हती.

तसे बदल घडवणारे काम आपल्याकडे होतच नाही, असे मात्र नाही. माझ्या वाचनातले अलीकडचे ठळक उदाहरण मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठातल्या डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचे आहे. माधवी भार्गव तिथे सामाजिक वैद्यकशास्त्राच्याच प्राध्यापक आहेत. ‘रेशन्स’ नावाने ओळखला जाणारा त्यांचा अभ्यास झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाला आणि ऑगस्ट २०२३मध्ये लॅन्सेट व लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या दोन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या क्षयरोगाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. सर्व रुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोंचा शिधा मिळाला, त्यात तांदूळ, फुटाण्याचे पीठ (तिकडचे सत्तू), दूधपावडर आणि तेल होते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या भागांत घरातल्या इतर माणसांनाही दरडोई पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या भागांतली कुटुंबे नेहमीचेच जेवत राहिली. सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की, शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते आणि जंतूंची खात्री पटलेला फुप्फुसाचा क्षयरोग तर ४८ टक्क्यांनी कमी होता.

माझे प्रश्न दोन आहेत. पोटभर खाणाऱ्याला क्षय कमी होतो, हे आपल्या आजीलाही माहीत होते, मग या अभ्यासात नवे ते काय? आणि असे काम अहवालाच्या कोणत्या रकान्यात बसते?

ताकपिठ्या

आजीला माहीत होते हे खरे, पण आजीने तुलनेसाठी शेजारचे घर उपाशी ठेवले नव्हते. त्यामुळे तिचा निबंध लॅन्सेटने परत पाठवला असता.

डॉ_धापेवाडा

मी छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून चौतीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे इथे थोडा विरोधी सूर लावतो. ‘आजीला माहीत होते’ हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आमच्या पिढीला अन्नाकडे दुर्लक्ष करायला शास्त्रानेच शिकवले आणि त्यामागचा अभ्यासही भारतातलाच होता. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार मिळाला, तर दुसरा गट आपल्या दाटीवाटीच्या घरात, बेताच्या अन्नावर राहिला. दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे दिली. सॅनेटोरियमवाल्यांचे वजन जास्त वाढले, पण थुंकीतले जंतू नाहीसे होण्यात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत आले. १९५९मध्ये हे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आले आणि पुढच्या काही वर्षांत जगभर सॅनेटोरियमची दारे बंद होऊ लागली.

तो निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळेच गरिबाला घरी राहून उपचार घेता आले. पण आम्ही विद्यार्थ्यांना ‘गोळ्या वेळेवर घ्या, बाकी काही लागत नाही’ असे शिकवले आणि स्वतःही तेच मानले. मग आता त्या अभ्यासाचे करायचे काय, ते अनुस्वारताईंनी सांगावे.

रानजाई

डॉक्टरकाका, या दोन अभ्यासांत भांडण आहे असे मला वाटत नाही. मद्रासचा प्रश्न होता की औषधे चालू असलेल्या रुग्णाचे जंतू मरायला सकस आहार आवश्यक आहे का. झारखंडचा मुख्य प्रश्न ज्यांना औषधे चालू नाहीत अशा माणसांविषयी आहे. रुग्णाबरोबर एका खोलीत झोपणाऱ्या बायको-मुलांच्या शरीरात जंतू बहुधा आधीच शिरलेला असतो. तो तिथे निपचित पडून राहणार की डोके वर काढणार, हे त्या शरीराच्या प्रतिकारशक्तीवर ठरते आणि उपाशी शरीर हा पहारा सोडून देते. पूर्वीच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले होते की, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) एकाने वाढला की क्षयरोगाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. पण तो फक्त संबंध होता. गरीब माणूस कमी खातो आणि कोंदट घरातही राहतो, मग दोष अन्नाचा की घराचा, हे त्यातून वेगळे काढता येत नव्हते. ‘रेशन्स’मध्ये घरे तशीच राहिली आणि फक्त ताट बदलले. अनुस्वारताईंच्या पहिल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

आणखी एक गोष्ट. मद्रासला निकष जंतूंचा होता, माणूस जगण्याचा नव्हे. झारखंडच्या रुग्णांत ८२ टक्के कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

डॉ_धापेवाडा

जंतू आणि जीव यांतला हा फरक मान्य. शेवटच्या आकड्यावर मात्र एक शंका नोंदवतो. ज्याचा आजार हलका त्याचे वजन लवकर वाढते आणि तोच जगतोही. रुग्णांना तर दोन्ही गटांत शिधा होता, म्हणजे हा ६१ टक्क्यांचा आकडा पुन्हा संबंधाचाच आहे, चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेचा नाही.

रानजाई

बरोबर आहे, मी ते वेगळे करून लिहायला हवे होते. ३९ आणि ४८ टक्के हे चिठ्ठ्यांच्या तुलनेतले आकडे आहेत, ६१ टक्के हा निरीक्षणाचा आहे.

सातपुडा_वाट

मी नंदुरबार जिल्ह्यात क्षयरोग पर्यवेक्षक म्हणून एकवीस वर्षे काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. आकड्यांतले मला फारसे कळत नाही, पण वजनकाट्यातले कळते.

आमच्या कामात वजनाला फार महत्त्व असते, कारण वजनाच्या गटावरून रोजच्या गोळ्यांची संख्या ठरते. मी वापरायचो तो स्प्रिंगचा काटा कधी दीड किलो जास्त दाखवायचा, कधी कमी. म्हणून मी दुकानातून दोन किलोचे लोखंडी वजन विकत घेऊन पिशवीत ठेवले होते. पाड्यावर पोचलो की पहिल्यांदा ते काट्यावर ठेवायचे, काटा जुळवायचा आणि मगच माणूस उभा करायचा. एका बाईंचे वजन तेहतीस किलो भरले. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा लोखंड ठेवले, पुन्हा बाईंना उभे केले. तेहतीसच होते. बाजूला उभी असलेली त्यांची सासू म्हणाली, ‘काटा बरोबर आहे, घरातच काही नाही.’

त्या बाईंना एका दात्याकडून पोषणाचे पाकीट सुरू झाले. मी महिन्याने गेलो तर वजन तेवढेच. चौकशी केल्यावर कळले की पाकीट आले त्या दिवशी सात माणसांनी जेवण केले आणि पाचव्या दिवशी ते संपले. तुम्ही फक्त आईपुरते अन्न दिले, तर आई मुलांसमोर एकटी बसून जेवेल असे कोणाला वाटते? म्हणून झारखंडमध्ये सगळ्या घराला शिधा दिला हे वाचल्यावर मी मनात म्हटले, हे संशोधन करणाऱ्या माणसांनी कोणाच्या तरी चुलीपाशी बसून पाहिलेले आहे.

ताकपिठ्या

सातपुडादादा, तुमचे ते दोन किलोचे लोखंड अहवालाच्या ‘उपकरणे व सुविधा’ या रकान्यात टाकायला हवे.

उलटतपासणी

सगळे भारावून गेले आहेत, तर एक कडू प्रश्न विचारतो. अन्नाने रोग टळतो असा दाट संशय असताना ४,७२४ माणसांना त्या अन्नापासून दूर ठेवणे नीतीला धरून आहे का? त्यांच्यातल्या १२२ जणांना क्षयरोग झाला, शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना झाला. ही तफावत म्हणजे जिवंत माणसे आहेत.

ही शंका नवी नाही. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचे उस्मानाबाद) मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळले. त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे. पण तिथेही एक गट तपासणीविना ठेवला होता आणि त्यावरून पुढे परदेशातून कडक टीका झाली.

रानजाई

प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर असेल असे मला वाटत नाही. तरी दोन मुद्दे मांडते. पहिला असा की, तुलनेच्या गटातल्या रुग्णांनाही इथे शिधा दिला गेला, म्हणजे सर्वांत आजारी माणूस कोणत्याच घरात वगळला गेला नाही. शिवाय दोन्ही गटांतल्या घरच्यांची वेळोवेळी तपासणी होत होती, त्यामुळे ज्यांना रोग झाला तो लवकर सापडला. त्या पाड्यांवर एरवी तेवढेही होत नाही. दुसरा असा की, पुराव्यावाचून सरकारी तिजोरीतून धान्य सुटत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारी रक्कम महिना ५०० रुपयांवरून १,००० केल्याचे जाहीर केले आणि निक्षय मित्रांच्या, म्हणजे रुग्णांना शिधा पुरवायला स्वतःहून पुढे येणाऱ्या दात्यांच्या, मदतीत रुग्णाच्या घरच्यांनाही घेण्याचे ठरवले. हे सारे एकाच अभ्यासामुळे झाले असे मी म्हणणार नाही, पण ‘घरच्यांनाही’ हा शब्द धोरणात आला.

शिवाय अभ्यास चालू असतानाच टाळेबंदी आली आणि एप्रिल २०२०पासून शिधापत्रिकेवर दरडोई पाच किलो मोफत धान्य सगळीकडेच मिळू लागले. तुलनेच्या गटाच्या ताटातही त्यामुळे भर पडली असणार. तरीही फरक उरला, तो कदाचित डाळीचा असेल.

उलटतपासणी

‘कदाचित डाळीचा’ हे तुमचे अनुमान झाले, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. पण तपासणीचा मुद्दा मान्य करतो.

गुळांबा

धागा थोडा भरकटवते, क्षमस्व. डॉक्टरकाकांनी सॅनेटोरियमचा उल्लेख केला म्हणून आठवले. माझे आजोबा १९५३ साली मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये आठ महिने होते. ते माळकरी होते आणि तिथे रोज सकाळी उकडलेले अंडे ताटात यायचे. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते शेजारच्या खाटेवरच्या पोरसवदा रुग्णाला दिले. मग एके दिवशी नर्सबाईंनी दोघांच्या वजनाचे तक्ते आजोबांच्या हातात ठेवले आणि काही न बोलता निघून गेल्या. आजोबांनी त्या रात्री माळ काढून उशीखाली ठेवली. घरी आल्यावर त्यांनी ती पुन्हा घातली आणि अंड्याचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. हे मला त्यांनीच, फार उशिरा, सांगितले.

डॉ_धापेवाडा

गुळांबाताई, हा प्रतिसाद भरकटलेला मुळीच नाही. दोन खाटा, एक अंडे आणि दोन तक्ते हा आकाराने लहान असला तरी तुलनात्मक अभ्यासच आहे.

मधली_सुट्टी

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात याच विभागात सहायक प्राध्यापक आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

आमच्याकडे पदोन्नतीला निबंध लागतात. निबंध लवकर हवा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रश्नावली. जवळच्या वस्तीत जायचे, दोनशे बायकांना ‘डासांमुळे कोणते आजार होतात’ असे विचारायचे, टक्केवारी काढायची आणि शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’ असे लिहायचे. मी स्वतः असे चार निबंध लिहिलेले आहेत. त्या चारही वस्त्यांना माझ्यामुळे काय मिळाले, असे कोणी विचारले तर मला खाली मान घालावी लागेल.

याउलट ‘रेशन्स’सारख्या कामाला किती वर्षे लागली ते पाहा. रुग्णांची नोंदणी ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१, पाठपुरावा जुलै २०२२पर्यंत आणि प्रसिद्धी २०२३मध्ये. त्याच्याही मागे भार्गव दांपत्याची छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे जनस्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात घालवलेली वर्षे आहेत. क्षयरोगी किती हाडकुळ्या अवस्थेत येतात, हे त्यांनी तिथे रोज पाहिले होते. चार वर्षे एका कामात गुंतलेला प्राध्यापक दरवर्षीच्या अहवालात रिकामा दिसतो आणि चार वस्त्यांत प्रश्नावल्या वाटणारी मी मात्र दरवर्षी ठळक अक्षरांत छापली जाते. शेवटी त्याचे दोन निबंध येतात, माझे वीस झालेले असतात, आणि रकाना संख्येचा असतो. अनुस्वारताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हे की, असे काम सध्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही.

उलटतपासणी

मधली_सुट्टी, हे इतके सरळ लिहिल्याबद्दल आदर वाटतो. तरी सगळे खापर रकान्यांवर फोडू नये असे वाटते. भार्गवांच्या मागे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा पैसा आणि झारखंडमधली सरकारी क्षयरोग यंत्रणा होती. एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला गाडीत डिझेल टाकायलाही तीन सह्या लागतात.

मधली_सुट्टी

चार. गेल्या वर्षीपासून चार लागतात.

रानजाई

आता थोडा हिशेब. अभ्यासकांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३० घरांतल्या १११ माणसांना शिधा दिला की क्षयरोगाचा एक रुग्ण टळतो. दरडोई साडेसहा किलो महिना आणि सहा महिने धरले, तर १११ माणसांना ४,३२९ किलो, म्हणजे सुमारे सव्वाचार टन तांदूळ-डाळ लागते. लहान मुलांचा वाटा कमी असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच. सव्वाचार टनांत एक रुग्ण टळणे स्वस्त की महाग, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या धान्याने एक रुग्ण टळताना उरलेली ११० माणसे सहा महिने पोटभर जेवतात, हे त्या भागाकारात दिसत नाही.

डॉ_धापेवाडा

आणि प्रतिबंधक गोळ्यांचा पर्याय विसरू नका. घरच्यांना क्षयरोग टाळण्यासाठी औषध देता येते, ते धान्यापेक्षा स्वस्त आणि वाहून न्यायला सोपे आहे. माझ्या मते पुढचा अभ्यास गोळ्या आणि शिधा मिळून किती साधते, याचा व्हायला हवा.

सातपुडा_वाट

डॉक्टरसाहेब, धडधाकट दिसणाऱ्या माणसाला ‘तुला रोग नाही, पण गोळ्या खा’ हे पटवणे फार अवघड असते. अर्धी पाकिटे छपरात खोचलेली सापडतात. डाळ छपरात खोचलेली मी कधी पाहिली नाही.

ताकपिठ्या

आनंदाच्या शिध्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल शंभर रुपयांत मिळत होते. आपल्याकडे पिशव्या वाटण्याची यंत्रणा आहे, फक्त तिला सण लागतो.

अनुस्वार

सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या प्रश्नातला ‘नवे ते काय’ हा सूर मी मागे घेते. डॉक्टरकाकांनी मद्रासचे सांगितले नसते, तर आजीला माहीत असलेली गोष्ट मधल्या साठ वर्षांत कशी मागे पडली, हे मला कळले नसते. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी भाचीशी बोलले. तिच्या विभागात मधली_सुट्टी यांनी वर्णन केलेलीच प्रश्नावली चालू आहे. विषय हात धुण्याचा आहे आणि वस्तीत नळाला पाणी एक दिवसाआड येते. निदान तेवढी नोंद तरी निबंधात कर, असे मी तिला सांगितले आहे.

आमच्या सोसायटीतली सहा कुटुंबे मिळून तीन रुग्णांसाठी निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवत आहेत. सातपुडादादा, पिशवी रुग्णापुरती न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायची आमची तयारी आहे. तुमच्या अनुभवाने काय टाकावे आणि काय टाळावे, ते सांगाल का?

सातपुडा_वाट

जरूर. आधी पर्यवेक्षकाबरोबर एकदा घरी जाऊन या आणि जेवायला रोज किती माणसे बसतात ते मोजा, कारण शिधापत्रिकेवरचा आकडा आणि पंगतीतला आकडा एक नसतो. डाळ तूरडाळच आणा, अख्खे कडधान्य नको, ते शिजायला सरपण फार लागते. तेल बंद पिशवीतले द्या. दूधपावडर पहिल्यांदा त्यांच्यासमोर कालवून दाखवा, नाहीतर ती पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवतात. आणि फुटाणे द्यायचे असतील तर दळून पीठ करूनच द्या. अख्खे फुटाणे दिले तर घरातली पोरे ते दुपारपर्यंत संपवतात. तसा त्यातही तोटा काही नाही म्हणा, पोरेही त्या १११ माणसांतलीच आहेत.